रक्तदाबाची गोळी : ती काय करते आणि मध्येच का सोडू नये

'बीपीची गोळी' हे शब्द आज घरोघर कानी पडतात. केळवे-माहीमपासून पालघर, बोईसर-तारापूरपर्यंत कोणत्याही वस्तीत जा, ज्या घरात पन्नाशी-साठी ओलांडलेली माणसे आहेत त्या घरात कपाटावर, नाही तर चष्म्याच्या डबीशेजारी, या गोळ्यांची एखादी पट्टी सापडतेच. परंतु ही गोळी पोटात गेल्यावर नेमके काय करते, ती कोणी शोधली, ती रोजच का घ्यावी लागते, याची माहिती फारच थोड्यांना असते. माहिती नसली की गैरसमज वाढतात, आणि गैरसमजापायी माणसे एक दिवस गोळी परस्पर बंद करून टाकतात.

आम्ही डॉक्टर नाही. शिक्षण कला शाखेचे आणि नोकरी बँकेतील कारकुनाची. तथापि पेन्शनच्या दिवशी खिडकीपुढे रांगेत उभी असलेली वडीलधारी मंडळी आपसात प्रकृतीविषयी बोलत असतात, ते कानावर येते. "आता बीपी नॉर्मल आलंय, गोळी सोडून दिली," हे वाक्य त्यात वारंवार ऐकू येते. पुढे त्यातलाच एखादा नेहमीचा चेहरा रांगेत दिसेनासा होतो आणि चौकशी केल्यावर पक्षाघाताची बातमी कळते. म्हणून या विषयाचे वाचन करून जे समजले ते सभासद बंधू-भगिनी आणि विद्यार्थी मित्रांपुढे सोप्या भाषेत ठेवावे, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

रक्तदाब म्हणजे काय?

आपल्याकडे पानवेलीच्या वाडीला विहिरीवरील पंपाने पाणी दिले जाते. पंप पाणी ढकलतो, ते पाइपातून वाहते आणि वाहताना पाइपाच्या भिंतीवर आतून दाब देते. शरीरातही तसेच आहे. हृदय हा पंप, धमन्या हे पाइप आणि रक्त हे पाणी. हृदय आकुंचन पावते तेव्हा दाब जास्त असतो, तो वरचा आकडा. हृदय सैल पडते तेव्हा दाब कमी असतो, तो खालचा आकडा. १२०/८० च्या आसपासचा रक्तदाब निरोगी समजला जातो. वेगवेगळ्या दिवशी नीट मोजूनही तो १४०/९० किंवा त्याहून अधिक येत असेल, तर सर्वसाधारणपणे त्याला उच्च रक्तदाब म्हणतात.

पाइपातील दाब तीन कारणांनी वाढतो. पंप जोर करू लागला, पाइपात पाणी जास्त झाले, किंवा पाइप आवळला गेला. रक्तदाबावरची बहुतेक औषधे या तीनपैकी कोणत्या ना कोणत्या ठिकाणी काम करतात, एवढे लक्षात ठेवले तरी पुढचे सारे समजणे सोपे जाते.

या आजाराची वाईट गोष्ट अशी की तो दुखत नाही. दाढ दुखली की माणूस दवाखाना गाठतो. रक्तदाब वर्षानुवर्षे वाढलेला असला तरी बहुधा जाणवतही नाही. मात्र तेवढ्या काळात मेंदू, हृदय, मूत्रपिंड आणि डोळे यांच्या रक्तवाहिन्या खराब होत राहतात. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ साली दिलेल्या आकड्यांनुसार ३० ते ७९ वयोगटातील सुमारे १२८ कोटी लोकांना उच्च रक्तदाब होता. त्यांपैकी ४६ टक्के लोकांना आपल्याला तो आहे हेच ठाऊक नव्हते, आणि जेमतेम पाचांतील एकाचा रक्तदाब आटोक्यात होता.

जेव्हा गोळीच नव्हती

आज ही गोळी चहाच्या पैशांत मिळते, म्हणून तिची किंमत वाटत नाही. ती नव्हती तेव्हा काय होत असे, याचे बोलके उदाहरण अमेरिकेचे अध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट यांचे आहे. मार्च १९४४ मध्ये हृदयरोगतज्ज्ञ डॉ. हॉवर्ड ब्रून यांनी त्यांना तपासले तेव्हा त्यांचा रक्तदाब १८६/१०८ होता आणि हृदय थकल्याची लक्षणे दिसत होती. जगातील सर्वांत बलाढ्य राष्ट्राच्या प्रमुखासाठी डॉक्टरांच्या हाती होते काय? विश्रांती, कमी मीठ आणि हृदयासाठी डिजिटॅलिस हे जुने औषध. १२ एप्रिल १९४५ रोजी मेंदूत रक्तस्राव होऊन रूझवेल्ट यांचे निधन झाले. त्या दिवशी त्यांचा रक्तदाब ३००/१९० च्या घरात गेला होता. सत्ता आणि संपत्ती असूनही जे रूझवेल्ट यांना मिळाले नाही, ते आज आपल्या प्राथमिक आरोग्य केंद्रातून सामान्य माणसाला मिळू शकते. हा फरक विज्ञानाने घडवला आहे.

मुंबईच्या डॉक्टरांचे योगदान

या विज्ञानात आपल्या महाराष्ट्राचाही वाटा आहे, हे विद्यार्थ्यांनी आवर्जून ध्यानात ठेवावे. सर्पगंधा ही वनस्पती आपल्या देशात फार जुन्या काळापासून औषधी म्हणून परिचित होती. सर्पदंशावर, निद्रानाशावर आणि वेडावर तिची मुळी दिली जात असे. १९३१ साली कलकत्त्याच्या डॉ. गणनाथ सेन आणि डॉ. कार्तिकचंद्र बोस यांनी ही मुळी रक्तदाब उतरवते असे नोंदवले. परंतु जगाने त्याची खरी दखल घेतली ती मुंबईमुळे.

मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयातील हृदयरोगतज्ज्ञ डॉ. रुस्तुम जाल वकील यांनी सर्पगंधेच्या गोळ्या रक्तदाबाच्या रुग्णांना पद्धतशीरपणे देऊन नोंदी ठेवल्या आणि ५० रुग्णांवरील निष्कर्ष १९४९ साली 'ब्रिटिश हार्ट जर्नल' या नियतकालिकात प्रसिद्ध केले. तो लेख वाचून अमेरिकेत बोस्टन येथील डॉ. रॉबर्ट विल्किन्स यांनी हे औषध वापरण्यास सुरुवात केली. १९५२ साली स्वित्झर्लंडमधील सिबा कंपनीच्या शास्त्रज्ञांनी या मुळीतून 'रेसरपिन' हे मुख्य द्रव्य वेगळे काढले. या कार्याबद्दल डॉ. वकील यांना १९५७ साली अमेरिकेचा लास्कर पुरस्कार आणि पुढच्या वर्षी भारत सरकारची पद्मभूषण पदवी मिळाली.

परंपरेने चालत आलेली मुळी आणि डॉ. वकील यांचे काम यांत फरक कोणता? 'अमक्याला गुण आला' एवढ्यावर ते थांबले नाहीत. त्यांनी मोजले, लिहून ठेवले आणि इतरांना तपासून पाहता येईल अशा रीतीने ते जगापुढे मांडले. अशा तपासणीमुळेच पुढे रेसरपिनचे दोषही उघड झाले. काही रुग्णांना नाक चोंदणे, सुस्ती आणि मनाची तीव्र खिन्नता जाणवू लागली. अधिक चांगली औषधे निघाल्यावर हे औषध मागे पडले. म्हणून आजही कोणी जडीबुटीवाला सर्पगंधेचे चूर्ण देऊ लागला, तर ते डॉक्टरांच्या गोळीबरोबर परस्पर घेऊ नये, हे येथेच सांगून ठेवतो.

सापाच्या विषातून निघालेली गोळी

यानंतरची मोठी झेप योगायोगाने पुन्हा सापाशीच जोडलेली आहे. ब्राझीलमधील जराराका नावाचा साप चावला की माणसाचा रक्तदाब एकदम कोसळतो. ब्राझीलचे शास्त्रज्ञ सर्जिओ फेरेरा यांनी १९६० च्या दशकात या विषातील घटकांचा अभ्यास केला आणि ते विष घेऊन लंडनमध्ये जॉन व्हेन यांच्या प्रयोगशाळेत गेले. रक्तवाहिन्या आवळणारे एक द्रव्य आपल्या शरीरात तयार होत असते. ते तयार होऊ न देण्याचा गुण या विषात असल्याचे दिसून आले. विषाचा रेणू तोंडाने घेण्याजोगा नव्हता. म्हणून अमेरिकेतील स्क्विब कंपनीच्या डेव्हिड कुशमन आणि मिगेल ओंडेटी यांनी त्याच तत्त्वावर काम करणारे लहानसे रसायन १९७५ च्या सुमारास घडवले. ते कॅप्टोप्रिल. १९८१ साली त्याला अमेरिकेत मान्यता मिळाली. पाठोपाठ एनालाप्रिल आले आणि मग लिसिनोप्रिल, रॅमिप्रिल वगैरे. नावाच्या शेवटी 'प्रिल' असलेल्या गोळ्या या एकाच कुटुंबातल्या, हे वाचकांनी लक्षात ठेवावे.

गोळी शरीरात काय करते?

आपली मूत्रपिंडे केवळ लघवी तयार करीत नाहीत. शरीरातील रक्ताच्या दाबावर त्यांचे बारीक लक्ष असते. दाब कमी पडतो आहे असे वाटले की ती रेनिन नावाचे द्रव्य रक्तात सोडतात. त्यामुळे यकृतातून आलेल्या एका प्रथिनाचे अँजिओटेन्सिन-एक बनते. हे द्रव्य फारसे काही करीत नाही. परंतु मुख्यतः फुफ्फुसांतील रक्तवाहिन्यांमध्ये 'एसीई' नावाचे एक विकर असते, ते त्याचे अँजिओटेन्सिन-दोन करते. हे दुसरे द्रव्य मात्र जबरदस्त आहे. ते रक्तवाहिन्या आवळते, आणि मीठ-पाणी शरीरातच धरून ठेवा असा संदेशही पाठवते. म्हणजे पाइप आवळला आणि पाणीही वाढले. दाब दोन्हीकडून चढला.

'प्रिल' गोळी त्या एसीई विकरालाच अडवते. त्यामुळे दुसरे द्रव्य कमी तयार होते, रक्तवाहिन्या सैल पडतात, जादा मीठ-पाणी लघवीवाटे निघून जाते आणि दाब उतरतो. टेल्मिसार्टन, लोसार्टन अशा 'सार्टन' गोळ्या याच साखळीत एक पायरी पुढे काम करतात. त्या दुसरे द्रव्य तयार होऊ देतात, पण त्याला रक्तवाहिनीवर बसण्यास जागा देत नाहीत. अम्लोडिपिन रक्तवाहिनीच्या स्नायूला थेट सैल करते, तर लघवीच्या गोळ्या पाणी कमी करतात. शेजाऱ्याची गोळी आपल्याला का चालत नाही, याचे उत्तर यातच आहे. दोघांच्या आजाराचे नाव एक असले, तरी वय, मूत्रपिंडाची स्थिती आणि सोबतचे आजार वेगळे असतात.

हार्ट फेल्युअर म्हणजे हृदय बंद पडणे नव्हे

'हार्ट फेल' हे शब्द ऐकले की घरात रडारड सुरू होते. वस्तुतः वैद्यकाच्या भाषेत हार्ट फेल्युअर म्हणजे हृदय अशक्त झाल्याने गरजेइतके रक्त पुढे ढकलले न जाणे. वर्षानुवर्षे वाढलेल्या दाबाविरुद्ध जोर करून किंवा झटक्यात स्नायूचा भाग निकामी होऊन ही स्थिती येते. चालताना धाप लागणे, रात्री आडवे झाल्यावर गुदमरणे, दोन-तीन उशा घेतल्याशिवाय झोप न लागणे, पायांवर सूज येणे आणि वजन भराभर वाढणे ही तिची लक्षणे होत.

येथे शरीराचीच फसगत होते. हृदय थकल्याने रक्त कमी पोहोचते. मूत्रपिंडांना वाटते की रक्तच कमी झाले. ती रेनिन सोडतात, रक्तवाहिन्या आवळल्या जातात, पाणी साठते आणि आधीच दमलेल्या हृदयावर आणखी ओझे पडते. दमलेल्या बैलाच्या गाडीत आणखी पोती टाकण्यासारखाच हा प्रकार. 'प्रिल' गोळी ही साखळी तोडते. १९८७ साली फिनलंड, नॉर्वे आणि स्वीडन या देशांत अतिशय गंभीर हार्ट फेल्युअरच्या २५३ रुग्णांवर एनालाप्रिलची चाचणी प्रसिद्ध झाली. सहा महिन्यांत साधी, औषध नसलेली गोळी घेणाऱ्यांपैकी ४४ टक्के रुग्ण दगावले, तर एनालाप्रिल घेणाऱ्यांपैकी २६ टक्के. म्हणजे दर शंभरांमागे अठरा माणसे जास्त जगली. तेव्हापासून या गटाची औषधे हार्ट फेल्युअरच्या उपचाराचा पाया ठरली. २०१४ साली सॅक्युबिट्रिल-व्हाल्सार्टन हे जोड औषध काही रुग्णांत एनालाप्रिलहूनही सरस ठरल्याचे दिसून आले, आणि आज अशा रुग्णाला बहुधा तीन-चार प्रकारची औषधे एकत्र दिली जातात.

नॉर्मल आले, मग गोळी कशाला?

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. गोळी घेऊन रक्तदाब १३०/८० आला, म्हणजे आजार गेला का? मुळीच नाही. आषाढातल्या मुसळधार पावसात छत्रीखाली आपण कोरडे राहतो, म्हणून पाऊस थांबला असे कोणी म्हणत नाही आणि छत्री मिटत नाही. नॉर्मल आकडा हा आजार गेल्याचा दाखला नसून गोळी काम करीत असल्याची पावती आहे. गोळी थांबली की एसीई पुन्हा मोकळे होते आणि दाब हळूहळू पूर्वपदावर जातो. तोही न दुखता, न सांगता. काही औषधांच्या बाबतीत, विशेषतः हृदयाचे ठोके मंद करणाऱ्या गोळ्यांच्या बाबतीत, ती एकाएकी बंद करणे अधिकच धोक्याचे असते.

"गोळीची सवय लागते," असेही म्हटले जाते. चष्मा लावला की डोळ्यांना चष्म्याची सवय लागते असे म्हणण्यासारखेच हे आहे. गरज आजाराची असते, गोळीची नव्हे. वजन उतरले, मीठ आणि दारू-ताडी कमी झाली, तंबाखू सुटली, चालणे वाढले, तर डॉक्टर स्वतःच मात्रा कमी करतात. कधी कधी गोळी बंदही करतात. पण तो निर्णय आकडे पाहून त्यांनी घ्यावयाचा आहे.

गोळी चुकण्याचे आणखी एक कारण आपल्या भागात दिसते. केळवे रोडहून पहाटेची गाडी धरणारा माणूस घाईत गोळी विसरतो आणि रात्री परतल्यावर कंटाळा करतो. अशांनी डॉक्टरांना विचारून आपल्याला साधेल अशी वेळ ठरवून घ्यावी. एखादे दिवशी गोळी राहिली, तर दुसऱ्या दिवशी दोन घेऊ नयेत.

काळजी कोणती घ्यावी?

कोणतेही परिणामकारक औषध काही नियम घेऊनच येते. 'प्रिल' गटाच्या गोळ्या घेणाऱ्यांनी पुढील गोष्टी जाणून घ्याव्यात.

१. काहींना कोरडा, चिवट खोकला सुरू होतो. फुफ्फुसांत ब्रॅडिकायनिन नावाचे द्रव्य साठल्याने तो येतो. खोकल्याची बाटली आणण्याऐवजी डॉक्टरांना सांगावे. ते गोळी बदलून 'सार्टन' देऊ शकतात.

२. ओठ, जीभ किंवा चेहरा एकाएकी सुजला, तर गोळी तत्काळ थांबवून लगेच रुग्णालय गाठावे. असे क्वचित होते, पण त्यात श्वास अडकण्याचा धोका असतो. येथे वाट पाहू नये.

३. गरोदर स्त्रीने 'प्रिल' व 'सार्टन' दोन्ही गोळ्या घेऊ नयेत. त्यांनी गर्भाला गंभीर इजा होते. लेकी-सुनांच्या बाबतीत दिवस राहिल्याचे कळताच किंवा त्याआधीच डॉक्टरांशी बोलावे.

४. या गोळ्यांनी रक्तातील पोटॅशियम वाढू शकते. म्हणून सुरुवातीला आणि नंतरही अधूनमधून क्रिएटिनिन व पोटॅशियमची रक्ततपासणी करावी. मूत्रपिंडाचा त्रास असणाऱ्याने शहाळ्याचे पाणी किती प्यावे हे विचारून घ्यावे. बाजारात मिळणाऱ्या 'कमी सोडियमच्या' मिठात पोटॅशियमच असते, हेही ध्यानात ठेवावे.

५. गुडघेदुखीसाठी डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन यांसारख्या गोळ्या दुकानातून परस्पर आणून खाऊ नयेत. त्यांनी रक्तदाब वाढतो आणि या औषधांबरोबर मूत्रपिंडांना इजा होण्याची भीती असते.

६. जुलाब-उलट्या होऊन अंगातील पाणी कमी झाले असता गोळी चालू ठेवावी की काही दिवस थांबवावी, हे त्याच दिवशी डॉक्टरांना विचारावे.

७. पहिल्या काही दिवसांत चक्कर येऊ शकते. अंथरुणातून एकदम उठू नये; आधी बसावे, मग उभे राहावे.

८. हार्ट फेल्युअरच्या रुग्णाने रोज सकाळी वजन करावे. दोन-तीन दिवसांत दोन किलोने वाढले, तर ते पाणी साठल्याचे लक्षण समजून डॉक्टरांकडे जावे.

आणि मिठाविषयी एक शब्द. जागतिक आरोग्य संघटना दिवसाला पाच ग्रॅमपेक्षा कमी, म्हणजे जेमतेम चहाचा एक चमचा मीठ सांगते. आपण किनाऱ्यावरची माणसे. मीठ लावून खारवलेली मासळी, लोणचे आणि पापड ताटात असले, तर एका जेवणातच बरेच मीठ पोटात जाते. खारा मासा कायमचा सोडा असे आम्ही म्हणत नाही. पण तो रोजचा नसावा, आणि तो असेल त्या दिवशी लोणचे-पापड नसावा.

गोळी स्वस्त कशी झाली?

विद्यार्थ्यांसाठी आणखी एक मुद्दा. परदेशात शोध लागलेली ही औषधे आपल्याकडे स्वस्त झाली, त्यामागे एक कायदा आहे. १९७० च्या भारतीय पेटंट कायद्याने औषधाच्या वस्तूवर नव्हे, तर ती बनवण्याच्या पद्धतीवर पेटंट दिले. त्यामुळे आपल्या रसायनशास्त्रज्ञांनी वेगळ्या पद्धतीने तीच औषधे बनवली आणि भारतीय औषध उद्योग उभा राहिला. आपल्या तारापूर औद्योगिक वसाहतीत औषधांचा कच्चा माल बनवणारे कारखाने आहेत, तेही याच उद्योगाचा भाग होत. २००५ पासून वस्तूवरील पेटंट पुन्हा लागू झाले. परंतु जुन्या 'प्रिल' गोळ्यांची पेटंटे केव्हाच संपली आहेत. २००८ साली सुरू झालेल्या जनऔषधी योजनेच्या दुकानांत अशी औषधे मूळ नावाने बऱ्याच कमी दरात मिळतात. चिठ्ठीवरील औषधाचे मूळ नाव आणि मात्रा यांची खात्री डॉक्टरांकडून करून घेऊन ती घेण्यास हरकत नाही.

म्हणून आमची सर्वांना विनंती आहे. तिशीनंतर प्रत्येकाने वर्षातून एकदा तरी रक्तदाब मोजून घ्यावा. मोजण्याआधी पाच मिनिटे शांत बसावे, अर्धा तास आधी चहा-तंबाखू घेऊ नये. ज्यांची गोळी चालू आहे त्यांनी पासबुकाप्रमाणे एक छोटी वही ठेवून तारीख आणि आकडा लिहावा आणि दर भेटीत ती डॉक्टरांना दाखवावी. आठवी-दहावीत शिकणाऱ्या मुलामुलींनी आपल्या आजी-आजोबांची ही वही सांभाळण्याचे काम अंगावर घ्यावे. पट्टीत किती गोळ्या उरल्या ते दर रविवारी मोजावे आणि आठवड्याच्या उरल्या असतानाच नवी पट्टी आणण्याची आठवण करावी. या कामाला खर्च काही नाही. पण घरातले कर्ते माणूस अंथरुणाला खिळू नये, एवढे मोठे मोल त्यातून हाती येते.